सात नंबरच्या बेडवरचे खडे

मोठ्या सिस्टर बसमध्ये झोपल्या आणि कंडक्टरनं त्यांना थेट शेवटच्या स्टॉपवर उठवलं. म्हणून त्या नदीवर पोचल्या, नाहीतर त्यांचं नदीवर काही काम नव्हतं.

त्या दिवशी सकाळपाळी होती. सात ते दोन. दोनची सुट्टी व्हायला तीन वाजतात, ते वाजलेच होते. खिडकीची जागा मिळाली, डोकं काचेला टेकलं आणि संपलं. परतीची बस चाळीस मिनिटांनी होती. स्टॉपवर बसायला बाक नव्हता, म्हणून त्या उतारावरून खाली गेल्या आणि नदीच्या कोरड्या पात्रात एका मोठ्या धोंड्यावर बसल्या. बूट काढले, घट्ट मोजे काढले. पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरांना वारा लागला तसं त्यांना जरा बरं वाटलं. समोर हजारो गोटे पसरले होते. त्यातला एक पायाशीच होता, उकडलेल्या बटाट्याएवढा, पिवळट. हाताला गुळगुळीत लागला म्हणून त्यांनी तो पर्समध्ये टाकला. का टाकला, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यांचं वय चौपन्न. सव्वीस वर्षं एकाच हॉस्पिटलात, त्यातली नऊ पुरुषांच्या छातीच्या वॉर्डात. बाकीच्या दोघी सिस्टर वयानं लहान, म्हणून ह्या 'मोठ्या सिस्टर'. लग्न केलं नव्हतं. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. दिवसा वॉर्डातल्या चादरी बदलायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आईची. गेल्या वर्षी आई गेली. सगळे म्हणाले, आता जरा आराम करा. त्यांनी मन लावून आराम करून पाहिला, पण तो काही जमला नाही. रविवारी दोन खोल्यांत नुसतं बसून राहिलं की आठवडाभराचा शीण उतरण्याऐवजी अंगावर चढायचा. झोप मात्र कुठेही लागायची. बसमध्ये, लिफ्टपाशी उभ्या उभ्या, एकदा तर डॉक्टर बोलत असताना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पंख्यानं केसपेपर उडायला लागले, तेव्हा त्यांनी तो गोटा पर्समधून काढून कागदांवर ठेवला आणि राउंडला लागल्या.

"सिस्टर," सात नंबरवरून आवाज आला. "तो दगड इकडे द्या."

सात नंबरवर एक खडेकारागीर होता. चाळीस वर्षं त्यानं अंगठीतले खडे घासले होते, पैलू पाडले होते. चाकावरून उडणारी दगडाची धूळ चाळीस वर्षं आत गेली आणि फुप्फुसात बसली. वय सहासष्ट, पण दिसायला ऐंशीचा. वर्षभरात ही त्याची चौथी खेप. नाकात ऑक्सिजनची नळी, पाठीशी तीन उशा. लहान सिस्टर त्याला आजोबा म्हणायच्या, मोठ्या सिस्टर काका म्हणायच्या. तो कोणालाच धड उत्तर द्यायचा नाही. जेवण परत पाठवायचा. थर्मामीटर हातात दिला तर त्याच्याकडे तुच्छतेनं बघायचा.

"कसला दगड?"

"तो कागदावर ठेवलाय तो. काय आहे माहितेय का ते?"

"दगड आहे."

"दगड तर मीपण आहे. द्या इकडे. आणि तुमचा तो डोळ्यात मारायचा टॉर्च द्या."

पेशंटच्या बाहुल्या तपासायचा छोटा टॉर्च सिस्टरांच्या खिशाला कायम अडकवलेला असायचा. काकांनी गोटा हातात तोलला, अंगठ्याला थुंकी लावून त्याच्या एका कडेवर चोळला आणि टॉर्च मागून लावला. वरून मळकट पिवळा दिसणारा तो गोटा कडेला उजळला. मधासारखा. आत पातळ पातळ रेघा होत्या, एकीला लागून एक, एकही तुटलेली नाही.

"अकीक," काका म्हणाले. तेवढं बोलूनच त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "अंगठीच्या लायकीचा नाही. पण अकीक आहे. त्याची कातडी बघा. हे बारीक चंद्रकोरीसारखं दिसतंय ना? नदीत एकमेकांवर आपटून आपटून होतं ते. कुणीतरी नखं रुतवल्यासारखं. साध्या दगडाला असं होत नाही. कुठं मिळाला?"

"नदीत. पायाशी पडला होता."

"मग आणखी असतील. आणा," काका म्हणाले आणि नऊ वर्षांत त्या वॉर्डात एखाद्या पेशंटनं पहिल्यांदाच मोठ्या सिस्टरांना काहीतरी आणायला सांगितलं, जे औषध नव्हतं आणि बेडपॅन नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या मुद्दाम गेल्या. बरोबर पाण्याची बाटली आणि वॉर्डातल्या कोऱ्या सँपल बाटल्या घेतल्या. एका बाटलीत एक खडा. झाकणावर नंबर आणि तारीख, सवयीप्रमाणे. चार तास वाकून वाकून कंबर धरली. घरी आल्यावर त्या तशाच, कपडेही न बदलता, आडव्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पाचचा रोजचा गजर झाला तेव्हाच उठल्या.

सोमवारी दुपारपाळी होती. रुग्णांची चहापाण्याची वेळ झाल्यावर त्यांनी तेवीस बाटल्या ट्रेमध्ये लावून सात नंबरच्या बेडवर ठेवल्या. शेजारचा सहा नंबर म्हणाला, "बाप रे, एका माणसाच्या एवढ्या टेस्ट?"

काकांनी चष्म्याच्या डबीतून आपलं भिंग काढलं. एकेक बाटली उघडून खडा तळहातावर घ्यायचे आणि निकाल द्यायचे.

"काच. काच. विटेचा तुकडा. काच. फरशी. गारगोटी, पण मेलेली. काच. हे काय आहे?" त्यांनी खडा जवळ धरला. "सिस्टर, हे बटण आहे."

सहा नंबर हसता हसता खोकायला लागला. त्याला बसवून पाठ चोळावी लागली. तेविसातले तीन राहिले. सिस्टरांना मनातून वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय? मला रंग बरा दिसला की मी उचलते."

"तिथंच चुकतं," काका म्हणाले. "रंग सगळ्यात शेवटी बघायचा. रंगाइतकं खोटारडं काही नाही. आधी हातात घ्या. वजन बघा. मग गालाला लावा. काच लगेच तुमच्या अंगाइतकी होते. खडा थंडच राहतो, बराच वेळ. तुम्हाला ताप बघता येतो ना हात लावून? मग हेही येईल."

मग रोज थोडं थोडं शिकणं सुरू झालं. रोज म्हणजे काकांना श्वास पुरेल तेवढं, आणि सिस्टरांना वेळ पुरेल तेवढं, दोन्ही मिळून कधी सात मिनिटं, कधी दोन. कात्रीच्या टोकानं ओरखडा काढून बघायचा. ओरखडा पडला तर मऊ दगड, सोडून द्यायचा. नाही पडला तर त्याच खड्यानं बाटलीच्या काचेवर रेघ ओढायची. रेघ उठली तर गारगोटीच्या घराण्यातला. मग उजेड. आरपार गेला तर स्फटिक, कडेला झिरपला तर अकीक, अजिबात शिरला नाही तर जास्पर, तो लाल असो नाहीतर हिरवा. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले की काच, मग तो कितीही देखणा असो.

"सगळं एकाच घरातलं आहे बघा," काका म्हणायचे. "स्फटिक, अकीक, जास्पर. सख्खी भावंडं. एक सरळ वाढलं, एक थराथरानं बसलं, एकानं माती खाल्ली."

मोठ्या सिस्टर हे सगळं औषधांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घ्यायच्या. रविवारी नदीवर गेल्या की गुडघे दुखायचे, ऊन डोक्यावर तापायचं, डोळ्यांपुढे दगडच दगड नाचायचे. दमायला व्हायचं, पण ते दमणं वॉर्डातल्या दमण्यासारखं नव्हतं. त्याला कुठेतरी तळ होता.

पाचव्या रविवारी त्यांना एक जांभळा खडा मिळाला. लिंबाएवढा, गडद, आतून चमकणारा. त्यांनी तो गालाला लावला, थंड वाटला. काचेवर ओढला, बारीक रेघ उठली असं वाटलं. घरी जाईपर्यंत त्यांनी बसमध्ये डोळा लागू दिला नाही. सकाळी वॉर्डात लहान सिस्टरांना दाखवला, त्यांनी तो बोटावर ठेवून फोटो काढले. औषधवाला बघून गेला. डॉक्टरही म्हणाले, "अरे वा, हा तर खराच दिसतोय."

काकांनी भिंग लावलं. जरा जास्तच वेळ लावला.

"भट्टीतली मळी," ते म्हणाले. "वर कुठंतरी जुना कारखाना असेल. लोखंड वितळवताना जे वर येतं ते. या, बघा. बुडबुडे."

सिस्टरांनी भिंगातून बघितलं. बुडबुडे होते, अगदी गोल, एकाशेजारी एक. त्यांना स्वतःचाच राग आला, चौपन्नाव्या वर्षी एका दगडापायी.

"मग शिकवता कशाला मला?" त्या एकदम म्हणाल्या. "पाच आठवडे झाले. मला नाही जमत. माझी कंबर गेलीये, गुडघे गेलेत. मला इथली कामं थोडी आहेत का?"

पूर्ण वॉर्ड वळून बघायला लागला. मोठ्या सिस्टर कधी आवाज चढवत नसत.

काकांनी खडा परत त्यांच्या हातात दिला. "पहिली दोन वर्षं मालकानं मला चाकाला हात लावू दिला नव्हता," ते म्हणाले. श्वास घेतला. "दोन वर्षं फक्त काच बाजूला काढायची. सकाळी पोतं यायचं. संध्याकाळपर्यंत काच. मी रडायचो. तुम्ही पाच आठवड्यांत बटणापासून मळीपर्यंत आलात."

सहा नंबरनं टाळी वाजवली. सिस्टरांना हसू आवरेना.

त्याच आठवड्यात काकांची मुलगी आली. तिला मोठ्या सिस्टर ओळखत होत्या, पण फक्त सह्यांपुरत्या. अडतीस वर्षांची, शिवणाच्या कारखान्यात बाह्या जोडायचं काम करणारी. रोज साडेपाचला यायची, वडिलांशी फार न बोलता डबा ठेवायची, कपडे बदलून न्यायची. त्या दिवशी लवकर आली. लॉकरवर ओळीनं बाटल्या होत्या, काका भिंग लावून बसले होते आणि सिस्टर बाजूला वाकून बघत होत्या.

"हे कुणी आणलं?" ती म्हणाली.

काकांनी भिंग खाली केलं.

"मी विचारतेय, हे दगड कुणी आणले इथं?"

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नुसते ओळखायला—"

"तुम्ही नर्स आहात ना? तुम्हाला कळायला हवं ना? घरातला एकेक खडा मी उचलून टाकला. त्यांची हत्यारं टाकली. आई ह्यानंच गेली, हेही ह्यानंच चाललेत, आणि तुम्ही पुन्हा त्यांच्या उशाशी आणून ठेवता?" तिचा आवाज फाटला. तिनं बाटल्या भराभर पिशवीत कोंबल्या आणि पिशवी सिस्टरांच्या हातात दिली. काकांनी भिंग डबीत घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पिशवी घेऊन सिस्टर स्टाफरूममध्ये गेल्या, लॉकरमध्ये ठेवली आणि तिथेच स्टुलावर पाच मिनिटं बसल्या. मग पाचची इंजेक्शनं द्यायला उठल्या.

तीन दिवस काका बोलले नाहीत. जेवण पुन्हा परत जायला लागलं. चौथ्या दिवशी मुलगी जायला निघाली तेव्हा मोठ्या सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, बूट अर्धे काढून. मुलगी त्यांच्यासमोरून गेली, दोन पावलं पुढे जाऊन परत आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मी त्या दिवशी फार बोलले," मुलगी म्हणाली.

"खरं तेच बोललात."

"आमच्या घरात सगळ्यावर धूळ असायची. पांढरी, पिठासारखी. आई झाकणं पुसत बसायची. पाणी गाळून घ्यायची, धान्य पाखडून घ्यायची. हवा कशी गाळणार? चाक घरातच होतं, खिडकीपाशी. मी त्याच्या आवाजात अभ्यास करायचे." तिनं डोळे चोळले. "मी त्यांना इतकी वर्षं म्हणत होते, सोडा. ते म्हणायचे, दुसरं काय येतं मला?"

"मी त्यांना घासू देणार नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "मलाही घासायचं नाहीये. मी पाण्यात धुते आणि बघते, एवढंच." थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का? त्यांच्यासाठी नव्हते आणत मी. माझ्यासाठीच आणत होते. आई गेल्यापासून रविवारचं काय करायचं कळत नव्हतं मला."

मुलीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं, चेहऱ्याकडे आणि मग सुजलेल्या पायांकडे.

"जेवतात का ते?" तिनं विचारलं.

"नाही."

"ते दगड होते तेव्हा जेवत होते?"

"अर्धं तरी."

मुलगी उठली. "मग ठेवा तिथं," ती म्हणाली. "ओले करून ठेवा. कोरडे नकोत."

बाटल्या परत आल्या, आता प्रत्येकीत थोडं पाणी होतं. पाण्यात रंग जास्तच खुलायचे. काका त्या दिवशी पूर्ण जेवले. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, मला नदीवर न्या."

"काका, तुम्हाला संडासापर्यंत जाताना दोन माणसं लागतात."

"हो, ते आहेच," ते म्हणाले आणि विषय संपला.

पण मोठ्या सिस्टरांच्या डोक्यातून तो जाईना. हॉस्पिटलच्या मागे नवीन इमारत चालू होती. स्टाफरूमच्या खिडकीतून तिथला गोट्यांचा ढीग दिसायचा, दोन ट्रकभर, स्लॅबसाठी आणलेला. एके दिवशी चहा पिताना त्यांचं लक्ष गेलं. गोटे गोल होते. म्हणजे नदीतले. त्या खाली गेल्या. ढिगावर पाईपनं पाणी मारणारी एक बाई होती, गमबूट घातलेली, डोक्याला फडकं बांधलेली. सिस्टरांनी विचारलं, "हे कुठून येतं?" ती म्हणाली, "नदीतून. दुसरीकडून कुठून येणार?"

गुरुवारी साडेतीन वाजता, राउंड झाल्यावर, मोठ्या सिस्टरांनी काकांना व्हीलचेअरवर घेतलं. मांडीवर छोटा सिलिंडर, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, तोंडाला मास्क. लहान सिस्टर म्हणाली, "मेट्रन मॅडमना विचारलंत?" त्या म्हणाल्या, "उन्हात नेतेय म्हणून सांग." पाणीवालीला आधीच सांगून ठेवलं होतं, तिनं सगळा ढीग भिजवून चिंब केला होता. धूळ कुठेच नव्हती. ओल्या गोट्यांवर ऊन पडलं होतं आणि करडं, तांबडं, हिरवट, पांढरं, सगळं एकदम चमकत होतं.

काका बघत राहिले.

मग म्हणाले, "डावीकडे घ्या."

हात पोचत नव्हता, म्हणून ते पाणीवालीच्या फळकुटानं दाखवायचे आणि सिस्टर वाकून काढायच्या. "तो नाही. त्याच्या खालचा. तो नाही हो, सिस्टर, तुम्हाला खालचा कळतो का? हां." पहिला जास्पर निघाला, गर्द लाल. मग दोन गारगोट्या. मग काही नाही. चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी आकडा होता, मग सत्त्याऐंशी. सिस्टर म्हणाल्या, "काका, चला आता." काका चिडले. "आत्ता कुठं उजेड तिरका झालाय. तिरक्या उजेडातच दिसतं. गप्प बसा जरा."

चार मजूर काम सोडून बघायला उभे राहिले होते. पाणीवाली पाईप बंद करून जवळ आली होती. मोठ्या सिस्टर ढिगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या, एप्रन चिखलानं माखलेला. त्यांच्या हाताला एक गोटा लागला. मळकट, अंड्याएवढा. रंग काहीच नव्हता. पण बोटाला त्या बारीक चंद्रकोरी जाणवल्या. गालाला लावला. बराच वेळ धरला तरी तो गारच राहिला. त्यांनी खिशातला टॉर्च काढला, मागून लावला. कडेला उजेड झिरपला, धुरकट निळा, आणि आतून एक पांढरी रेघ वळसा घेऊन गेली होती.

"अकीक," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

काकांनी हात पुढे केला. तोलला. भिंग काढलंच नाही.

"हं," ते म्हणाले. आणि मास्कच्या आतून, धापा टाकत, "तो माझ्या नजरेतून सुटला होता."

चिमट्यावर पंचाऐंशी झालं. त्या उठल्या आणि खुर्ची वळवली. काका पुन्हा चिडले, पण या वेळी नुसतेच हातानं.

मेट्रन मॅडम लिफ्टपाशीच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मेमो आला: परवानगीशिवाय ऑक्सिजनवरील पेशंटला बांधकामाच्या जागी नेले, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. मोठ्या सिस्टरांनी तो घडी घालून खिशात ठेवला. सव्वीस वर्षांतला हा पहिला मेमो. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी दोन नवीन पेशंट आले होते आणि तेवढी सवड नव्हती.

काकांची प्रकृती त्या गुरुवारमुळे बिघडली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तशी ती आधीच उतरणीला लागली होती. पण सिस्टरांनी स्वतःला विचारायचं ते विचारलंच. शनिवारी काकांनी बाटल्या बघितल्या नाहीत. रविवारी त्या नदीवर गेल्या नाहीत, सुट्टी असून वॉर्डात येऊन बसल्या. मुलगीही होती. काका झोपेतच होते. दुपारी चारच्या सुमारास, चहाची गाडी वॉर्डात फिरत असताना, ते गेले. सिस्टरांनी नाडी बघितली, वेळ लिहिली, नळी काढली, सगळं हातांच्या सवयीनं. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

कागदपत्रं व्हायला वेळ लागला. दोघी त्याच बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीचं रडून झालं होतं.

"त्या दिवशी खाली नेलंत ना," ती म्हणाली. "खूश होते का ते?"

नातेवाइकांना काय सांगायचं असतं, हे सिस्टरांना सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं. पण त्या म्हणाल्या, "खूश म्हणजे... दमले होते खूप. माझ्यावर दोनदा खेकसले. मला खालचा आणि वरचा कळत नाही म्हणाले." मुलीला तशातही हसू फुटलं. "पण परत चला म्हटलं तर यायला तयार नव्हते."

"तसेच होते ते," मुलगी म्हणाली. "जेवायला हाक मारली तरी असंच." बाटल्यांचं विचारलं तेव्हा मात्र तिनं मान हलवली. "नको. तुम्ही ठेवा. मला घरात नकोत. भिंग तेवढं नेते मी."

"ने," सिस्टर म्हणाल्या. तिला आपण 'ने' म्हटलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खुलासा त्यांनी सोमवारी लिहिला, चार ओळींचा. पेशंटच्या इच्छेवरून नेले होते, ढीग ओला करून घेतला होता, परवानगी घेतली नाही ही चूक झाली. सही केली. मेट्रन मॅडमनी वाचला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा नको." एवढंच.

सात नंबरवर रविवारी संध्याकाळीच नवीन पेशंट आला होता.

त्यानंतर आठवडाभरानं, मंगळवारी, मोठ्या सिस्टर पाळी संपवून फाटकाकडे निघाल्या होत्या. पाय जड झाले होते, तीनची बस गाठायची होती. मागून हाक आली. पाणीवाली होती, गमबूट फदफद वाजवत येत होती.

"सिस्टर, ते बाबा कुठायत? मी त्यांच्यासाठी बाजूला काढलेत." तिच्या हातात सिमेंटच्या पोत्याचा एक तुकडा होता, पुरचुंडी करून बांधलेला.

सिस्टरांनी सांगितलं. पाणीवाली पुरचुंडीकडे बघत म्हणाली, "मग हे काय करू?"

"बघू."

ढिगाच्या कडेला एक उलटं घमेलं होतं, सिस्टर त्यावर बसल्या. ढीग निम्मा झाला होता. मिक्सर घरघरत होता आणि दोन माणसं फावड्यानं त्यात गोटे टाकत होती. परवा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. पाणीवालीनं पुरचुंडी उघडली. चौदा-पंधरा गोटे. सिस्टरांनी एकेक घेतला, तोलला, गालाला लावला.

"हा नाही. हा साधा. हा जास्पर आहे, बघ, उजेड जात नाही ह्याच्यातून. हा चांगला आहे, स्फटिक, एका बाजूनं फुटलाय. हा..." त्या थांबल्या. हिरवट होता, तेलकट चमक, जड. कात्रीनं ओरखडा पडला नाही. टॉर्च लावला, उजेड थोडासा शिरला आणि मध्येच विझला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. असा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"काय आहे हा?" पाणीवालीनं विचारलं.

"मला नाही माहीत."

"मग कुणाला माहीत असेल?"

"बघावं लागेल कुणाला तरी विचारून."

फाटकाबाहेर तीनची बस आली, थांबली आणि गेली. मोठ्या सिस्टरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पुढची साडेतीनला. त्यांनी बूट सैल केले. पाणीवालीनं मिक्सरवाल्यांना ओरडून सांगितलं, ह्या बाजूचं जरा राहू द्या, आणि पाईप उघडून ढिगावर पुन्हा पाणी मारायला लागली.